वैमानिकांचे सन्मान आणि ‘काश्मीर प्रिन्सेस’ची साक्ष



राष्ट्रीय सन्मान न्यायाने दिले जातात की नाही, हा प्रश्न सोलापुरात विचारावयाचा म्हणजे तो जाणत्यांपुढेच विचारावयाचा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. त्या वेळच्या सरकारच्या दफ्तरी ते गुन्हेगार होते. या नगराने त्यांना हुतात्मे म्हटले, आणि आज त्यांचे पुतळे आपल्या शहरात उभे आहेत. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच रुग्णसेवा करता करता निवर्तले. चीनने त्यांचा पुतळा उभारला. त्यांच्या जन्मगावी स्मारक व्हायला मात्र पुढचे शतक उजाडावे लागले. तेव्हा सरकारचा तराजू, लोकांचा तराजू आणि परक्या देशाचा तराजू हे तिन्ही एकच वजन दाखवतात असे नाही, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे.

आजचा विषय या तराजूंपैकी पहिल्याचा, म्हणजे सरकारी सन्मानाचा आहे; आणि त्यातही प्रवासी विमाने चालवणाऱ्या वैमानिकांपुरता मर्यादित आहे. विषय दूरचा वाटेल. पण २०२५ साली आपल्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याचे नियमित विमान सुरू झाले, तेव्हापासून तो तितका दूरचाही राहिलेला नाही. दरवाजा बंद झाला की ज्याच्या हाती आपण जीव सोपवतो, त्या माणसाचे नावही आपण नीट ऐकलेले नसते. त्याचा मान राष्ट्राने कसा राखावा, आणि आजवर तो न्यायाने राखला गेला काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम सन्मानांची व्यवस्था पाहू. लढाईच्या मैदानाबाहेर दाखवलेल्या शौर्यासाठी अशोकचक्र ही सन्मानमालिका ४ जानेवारी १९५२ रोजी स्थापन झाली व ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. आरंभी तिचे पहिला, दुसरा व तिसरा असे तीन वर्ग होते; १९६७ पासून त्यांना अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी नावे मिळाली. दुसरी मालिका पद्म सन्मानांची. ती १९५४ साली सुरू झाली आणि ती एका प्रसंगासाठी नसून आयुष्यभराच्या विशेष कार्यासाठी आहे. म्हणजे वैमानिकाला राष्ट्रीय सन्मानाचे दोन दरवाजे आहेत: एक क्षणाच्या शौर्याचा, दुसरा जन्माच्या सेवेचा.

आता पहिल्या दरवाजाने आत गेलेल्या एका विमानाची हकीकत सांगतो.

एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. चीनच्या सरकारने आपल्या प्रतिनिधींना नेण्यासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे एक विमान भाड्याने घेतले. चार इंजिनांच्या या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाचे नाव ‘काश्मीर प्रिन्सेस’. कप्तान डी. के. जटार, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, मार्गदर्शक, म्हणजे नकाशा व दिशा सांभाळणारे, जे. सी. पाठक, देखभाल अभियंता अनंत कर्णिक, आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. यांतील काही नावे मराठी कानाला अगदी घरची वाटतात. विमानावरील कर्मचारी एकंदर आठ व प्रवासी अकरा, असे एकोणीस जीव त्यात होते. प्रवाशांत चिनी प्रतिनिधी व पत्रकार यांच्याबरोबर फ्रिट्झ येन्सेन नावाचे एक ऑस्ट्रियन गृहस्थ होते. हे मूळचे डॉक्टर. स्पेनच्या यादवीनंतर १९३९ साली ते चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेले होते, म्हणजे आपले कोटणीस तिकडे होते त्याच काळात. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय हेही या विमानाने जातील असा समज होता. पण त्यांचा बेत बदलला होता.

११ एप्रिल रोजी विमान हाँगकाँगच्या कै ताक विमानतळावरून जाकार्ताकडे निघाले. सुमारे पाच तास प्रवास सुरळीत झाला. विमान अठरा हजार फुटांवर असताना स्फोटाचा आवाज झाला आणि उजव्या पंखाला आग लागली. सामानाच्या कोठ्यात आग असल्याची सूचना देणारा दिवा लागला. जटारांनी उजवीकडचे आतले इंजिन बंद केले आणि विमान समुद्राकडे उतरवावयास सुरुवात केली. नातुना बेटांजवळचे आपले ठिकाण कळवणारे तीन संकटसंदेश पाठवण्यात आले. त्यानंतर बिनतारी यंत्रणा मुकी झाली. विजेची मंडले एकामागून एक निकामी होत होती आणि धूर वैमानिकांच्या कक्षातही शिरला होता. मागे ग्लोरिया बेरी व त्यांचे सहकारी प्रवाशांना पाण्यावर तरंगण्याची जाकिटे देत होते. पाण्याला टेकताच बाहेर पडता यावे म्हणून संकटकाळचे दरवाजे उघडून ठेवण्यात आले होते.

जटारांना विमान पाण्यावर सपाट टेकवावयाचे होते. ते साधले नाही. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. एकोणिसांपैकी सोळा जण गेले. त्यांत स्वतः जटार होते, बेरी होत्या आणि अकराही प्रवासी होते. दीक्षित, कर्णिक व पाठक हे तिघे समुद्रातून वाचले. कर्णिकांनी पुढे ‘काश्मीर प्रिन्सेस’ याच नावाचे पुस्तक लिहून ही हकीकत जगापुढे ठेवली.

इंडोनेशियाच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की, विमानात कालबद्ध स्फोटक ठेवलेले होते. हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय विमानतळावर साफसफाईचे काम करणाऱ्या चौ त्से-मिंग नावाच्या माणसावर गेला. चौ एन-लाय यांना मारण्यासाठी कुओमिंतांगच्या हस्तकांनी हे घडवले, असा तपासाचा रोख होता. परंतु पोलिसांच्या हाती लागण्यापूर्वीच, १८ मे १९५५ रोजी, तो माणूस तैवानला निघून गेला. भारतातर्फे या तपासासाठी रामनाथ काव यांना पाठवण्यात आले होते. हेच काव पुढे भारताच्या परदेशी गुप्तवार्ता खात्याचे पहिले प्रमुख झाले.

भारत सरकारने जटार व बेरी यांना मरणोत्तर, आणि दीक्षित, कर्णिक व पाठक या वाचलेल्या तिघांनाही, अशोकचक्र मालिकेतील सन्मान दिले. या मालिकेत नाव येणारे पहिले नागरिक म्हणून याच पाच जणांचा उल्लेख केला जातो.

आता न्यायाचा प्रश्न. कोणी रोखठोक माणूस विचारील: ज्या उड्डाणात एकोणिसांपैकी सोळा माणसे बुडाली आणि एकही प्रवासी वाचला नाही, त्याच्या कप्तानाला कसले शौर्यपदक? हा प्रश्न कठोर आहे, पण गैरवाजवी नाही. त्याला उत्तर दिलेच पाहिजे. त्यासाठी तीन वर्षे आधीचा एक प्रसंग शेजारी ठेवून पाहू. ३ फेब्रुवारी १९५२ रोजी फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास हे वायुदलाचे एक छोटे डेव्हॉन विमान लखनौच्या बाजूला चालवीत होते. त्यात श्रीनागेश, थिमय्या आणि आपले कोल्हापूरकडचे थोरात असे बडे सेनाधिकारी बसलेले होते. इंजिनाला आग लागली. बिस्वासांनी विमान शेतात उतरवले आणि सगळे वाचले. बिस्वासांना अशोकचक्र मिळाले, आणि ते योग्यच झाले. त्यांच्या कौशल्याचे साक्षीदार स्वतः सेनापती होते. त्यांतले दोघे तर पुढे सरसेनापती झाले.

बिस्वासांनी सर्वांना वाचवले, जटारांना कोणत्याच प्रवाशाला वाचवता आले नाही. तरी राष्ट्राने दोघांना एकाच मालिकेत बसवले. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की, त्या वेळी सन्मान देणाऱ्यांनी फळ मोजले नाही, वर्तन मोजले. बिस्वासांच्या खाली शेत होते, जटारांच्या खाली समुद्र. बिस्वासांचे इंजिन पेटले होते, जटारांच्या विमानात शत्रूने स्फोटक ठेवले होते. परिस्थिती वैमानिक निवडत नाही. त्या परिस्थितीत आपण काय करावयाचे, एवढेच त्याच्या हाती असते. जटारांनी त्या मिनिटांत जे जे करावयाचे ते केले: इंजिन बंद केले, संदेश गेले, जाकिटे वाटली गेली, दारे उघडली, विमान पाण्यापर्यंत आणले. म्हणून तो सन्मान न्याय्य होता, असे माझे मत आहे. फळावरून पदक द्यावयाचे ठरवले, तर ते शेवटी नशिबालाच दिल्यासारखे होते.

त्या सन्मानात दुसरीही एक गोष्ट न्यायाची झाली. तो एकट्या कप्तानाच्या गळ्यात पडला नाही. कर्णिक वैमानिक नव्हते. विमान जमिनीवर असताना त्याची निगा राखणारे अभियंता होते. बेरी यांचे काम प्रवाशांची सरबराई करण्याचे. आपल्याकडे मानपान देताना मानकऱ्याची पायरी आधी पाहिली जाते. इथे ती पाहिली गेली नाही. आकाशात संकट आले की विमानाचा सगळा ताफा एक देह होतो, ही गोष्ट त्या निर्णयाने मान्य केली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी टाळू इच्छित नाही. बांडुंग परिषद हा नव्या भारताच्या परराष्ट्रनीतीचा मोठा प्रसंग होता. विमान चिनी पाहुण्यांचे, कट आंतरराष्ट्रीय, सगळ्या जगाचे डोळे तिकडे. अशा वेळी दिलेला सन्मान शौर्यासाठी की राजकारणासाठी? माझे उत्तर असे: राजकारणामुळे त्या अपघाताकडे लक्ष गेले असेल, हे मान्य, परंतु ज्या कृतीसाठी सन्मान मिळाला ती कृती राजकारणाने निर्माण केलेली नाही. अन्याय असलाच तर तो जटारांना सन्मान मिळाला यात नाही. ज्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही, त्यांना तो मिळाला नाही, यात तो शोधावा लागेल.

आणि येथेच या साऱ्या व्यवस्थेची खरी उणीव दिसते. जटारांनी शेवटपर्यंत काय केले, हे आपणांस कळले ते केवळ तिघे वाचले म्हणून. तेही गेले असते तर? २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर एकतीस हजार फुटांवर असताना सामानातल्या स्फोटकाने फुटले. ३२९ माणसे गेली. कारण तेच, सामानात लपवलेले मरण. पण ‘काश्मीर प्रिन्सेस’ला जी थोडी मिनिटे मिळाली ती ‘कनिष्क’ला मिळाली नाहीत, आणि सांगावयास कोणी उरले नाही. तेथील वैमानिक कमी दर्जाचे होते काय? मुळीच नाही. त्यांना शौर्य दाखवण्यास अवकाश नव्हता आणि ते पाहण्यास साक्षीदार नव्हता. शौर्यपदक साक्षीवर चालते. साक्षीवाचून ते देता येत नाही, आणि म्हणूनच ते पूर्ण न्याय कधीच करू शकत नाही. ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

लोकांच्या स्मरणाचे तर याहून विचित्र. ‘काश्मीर प्रिन्सेस’वरील कर्मचारी आठ होते, सन्मानाच्या संदर्भात नेहमी पाच नावे घेतली जातात. उरलेले तिघे त्याच विमानात होते, त्याच धुरात होते आणि त्याच समुद्रात गेले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची विमानतळावर पॅन ॲमच्या विमानात प्रवाशांना वाचवताना प्राण देणाऱ्या नीरजा भनोत यांचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, आणि ते तसे असलेच पाहिजे. परंतु त्यांच्या एकतीस वर्षे आधी गेलेल्या ग्लोरिया बेरी यांचे नाव किती जणांना माहीत आहे? एकीवर चित्रपट निघाला, दुसरीवर नाही. सरकारने दोघींचाही मान राखला. विसरलो ते आपण.

नीरजांच्या प्रसंगाने वैमानिकांविषयी आणखी एक अवघड प्रश्न पुढे येतो. अपहरणकर्ते विमानात शिरले, तेव्हा नीरजांनी वैमानिकांना सावध केले आणि कक्षातले तिघेही वरच्या झडपेतून निसटून गेले. वरवर पाहता ते पळाले. परंतु वैमानिकच नसल्यामुळे ते विमान उडू शकले नाही आणि अपहरणकर्त्यांना ते मनास येईल तिकडे नेता आले नाही. म्हणजे निघून जाण्यानेही एक मोठे काम झाले. नीरजांना अशोकचक्र मिळाले ते सर्वस्वी योग्य. त्या तिघांना भ्याड म्हणणे मात्र अयोग्य. वैमानिकाचे कर्तव्य कधी कधी दिसावयास शौर्याच्या अगदी उलट असते.

आता अगदी अलीकडचा आणि मराठी मनाला लागलेला प्रसंग. ७ ऑगस्ट २०२० रोजी साथीच्या काळात दुबईहून भारतीयांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून भर पावसात पुढे जाऊन खाली कोसळले. विमानात १९० माणसे होती. कप्तान दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह २१ जण गेले. कॅप्टन साठे हे वायुदलातून आलेले, नाणावलेले वैमानिक. त्याच रात्रीपासून देशभर त्यांचा वीर म्हणून गौरव सुरू झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले आणि पुन्हा वर नेण्याची सूचना सहवैमानिकाने देऊनही उतरणे चालू राहिले, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र त्याच अहवालाने कप्तानाच्या काचेवरील पाणी पुसणारा वायपर बंद पडल्याचे नोंदवले आणि एकंदर व्यवस्थेतील दोषांकडेही दुर्लक्ष करता येणार नाही असे म्हटले.

मग पहिल्या रात्री जयजयकार करणारे आणि वर्षभराने बोट दाखवणारे, दोघेही घाईच करीत होते. एका रात्रीत माणूस देव होत नाही आणि एका अहवालाने त्याच्या तीस-चाळीस वर्षांच्या सेवेवर पाणी पडत नाही. जटारांच्या बाबतीत चौकशीनेच त्यांना निर्दोष ठरवले. स्फोटक होते हे सिद्ध झाले नसते, तर कदाचित कोणी त्यांनाही दोष दिला असता. यावरून एक नियम निघतो: वैमानिकाचा सन्मान चौकशीच्या आधी नको, आणि चौकशी संपल्यावर विलंबही नको. चौकशी ही सन्मानाची वैरीण नाही. तीच त्याची खरी साक्षीदार आहे.

शेवटी दुसऱ्या दरवाजाचा, म्हणजे जन्मभराच्या सेवेचा विचार करू. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना १९२९ साली जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी स्वतः कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, आणि येथूनच आपल्या विमानसेवेचा आरंभ झाला. त्यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९९२ साली भारतरत्न मिळाले. परंतु ते सन्मान उद्योगपतीचे होते. केवळ वैमानिक म्हणून जन्म घालवणाऱ्याचे नव्हते. वैमानिक म्हणून पद्मश्री मिळवणाऱ्यांत दुर्बा बॅनर्जी यांचे नाव येते. प्रवासी विमाने चालवणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक, आणि त्यांना १९८८ साली हा मान मिळाला. अशी नावे थोडीच आहेत.

ती थोडी का, याचे एक कारण नियमातच सापडते. डॉक्टर व शास्त्रज्ञ सोडून इतर सरकारी नोकर, सार्वजनिक क्षेत्रातील नोकरांसह, पद्म सन्मानास पात्र नाहीत, असा आजचा नियम आहे. आता पाहा: एअर इंडिया १९५३ साली सरकारी झाली आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटांकडे गेली. त्यातली बरीच दशके भारतातील बहुतेक प्रवासी विमाने सरकारी महामंडळांचीच होती. हा नियम सरसकट लावावयाचा, तर त्या पिढ्यांतला जवळजवळ प्रत्येक वैमानिक नोकरीत असेतो दाराबाहेरच राहतो. डॉक्टराला सूट दिली, कारण तो जीव वाचवतो. मग रोज दीडदोनशे जीव सुखरूप नेऊन पोचवणाऱ्याचा विचार त्याच न्यायाने का होऊ नये? १९९० साली कुवेतवर इराकने आक्रमण केले, तेव्हा एअर इंडियाच्या वैमानिकांनी जवळजवळ दोन महिने अखंड फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. त्या साऱ्या कामात एकही विमान पडले नाही. आणि पडले नाही म्हणूनच त्यातील एकाही कप्तानाचे नाव आपल्या ओठांवर नाही.

या विषयाचे मर्म मला येथे दिसते. वैमानिकाचे उत्तम काम म्हणजे जो अपघात झाला नाही तो. ते दिसत नाही, त्याची बातमी होत नाही, त्याला साक्षीदार नसतो; कारण सगळे साक्षीदार सामान उचलून आपापल्या घरी गेलेले असतात. शौर्यपदक हे अघटित घडले तेव्हाचे आहे आणि ते तसेच असावे. परंतु अघटित घडू न देणाऱ्याचाही मान राखण्याची रीत असली पाहिजे, आणि ती आपल्याकडे अजून नीट घडलेली नाही.

तेव्हा प्रश्नाचे माझे उत्तर असे: जे सन्मान दिले गेले ते बहुधा न्याय्य होते, आणि १९५५ सालचा तर न्यायाचा नमुना होता, कारण त्यात फळापेक्षा वर्तन आणि पायरीपेक्षा कृती पाहिली गेली. न्याय अपुरा पडला तो न दिलेल्या सन्मानांत. तो पुरा करणे काही अंशी सरकारचे काम आहे. त्याने नियम सुधारावा, चौकशीनंतर वेळेवर निर्णय घ्यावा, संपूर्ण ताफ्याचा विचार करावा. बाकीचे काम आपले आहे. चार हुतात्म्यांचा मान या शहराने कोणत्याही सरकारी कागदाची वाट न पाहता राखला. ज्या गावाने ते केले, त्या गावात जटार, बेरी आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांची गोष्ट मुलांना सांगितली जावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. निदान पुढच्या वेळी विमान जमिनीला टेकेल, तेव्हा उतरण्याच्या घाईत क्षणभर थांबून कप्तानाचे नाव विचारून घ्यावे.